आईचं कोण करतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. एखाद्या घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की भेटायला आलेली मंडळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता हलक्या आवाजात विचारतात, "आईचं कोण करतं?" काय करतं, हे कुणी विचारत नाही. अंघोळ घालणं, केस विंचरणं, भरवणं, कूस बदलणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं, हे सगळं त्या न उच्चारलेल्या शब्दात कोंबलेलं असतं. उत्तरही बहुधा ठरलेलंच. "सून करते हो." किंवा, "मुलगी येऊन राहिलीय." "चार मुलगे आहेत की," असं उत्तर आलं, तर समजावं, अजून काहीच ठरलेलं नाही.

मित्रहो, आज मला त्या न उच्चारलेल्या शब्दाविषयी बोलायचं आहे. या विषयावर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात, पण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून व्यावसायिक नाटकापर्यंत वादाचा मुद्दा एकच: घर चांगलं की वृद्धाश्रम? एका बाजूला खांद्यावर कावड घेतलेला श्रावणबाळ, दुसऱ्या बाजूला आईवडिलांना आश्रमाच्या दारात उतरवून गाडी वळवणारा मुलगा. प्रत्यक्षात या दोघांच्या मध्ये चार-पाच वाटा आहेत, आणि बहुतेक घरं त्यांतल्या दोन-तीन वाटा एकामागून एक चालून पाहतात. आम्हीही पाहिल्या. माझी अम्मा २०१४ मध्ये न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. २०१९ मध्ये ती गेली. मधल्या पाच वर्षांत तिची स्मृतीही हळूहळू विझत गेली. तेवढ्या काळात आम्हा चार भावंडांना जवळजवळ सगळ्या व्यवस्थांची ओळख झाली. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या बोलण्याचा हेतू.

हा प्रश्न आज इतका तीव्र का झाला? संस्कार कमी झाले म्हणून, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते उत्तर अपुरं वाटतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसं १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात १०० माणसांत जवळजवळ १०. पूर्वी खुब्याचं हाड मोडलं, की म्हातारं माणूस अंथरूण धरायचं आणि छातीत कफ साठून किंवा पाठीला जखमा होऊन काही महिन्यांत जायचं. आता शस्त्रक्रिया होते, माणूस वॉकर धरून उभं राहतं. रक्तदाबाची, साखरेची गोळी रोज मिळते. वैद्यकशास्त्रानं आयुष्याची वर्षं वाढवून दिली, पण त्या वर्षांत उशाशी बसणारं माणूस ते देऊ शकत नाही. ते घरानंच द्यायचं असतं, आणि नेमकं याच काळात घर लहान झालं. माझ्या दादीच्या शेवटच्या आजारात घरात तीन सुना होत्या, दोन मुली येऊन-जाऊन होत्या, गल्लीतल्या बायका होत्या. अम्माची एकुलती मुलगी मिरजेला सासरी, थोरला मुलगा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेती करणारा, मी तालुक्याला, धाकटा पिंपरी-चिंचवडला कारखान्यात. तीन सुनांपैकी दोघी नोकरी करणाऱ्या. माया तेवढीच होती, हात कमी झाले होते.

आधी कामांची यादी

कोणती व्यवस्था चांगली, हे ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं आणि काम किती आहे ते लिहावं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी एक साधी मोजपट्टी दिली. ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात सहा गोष्टी आहेत: अंघोळ करणं, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा असणं आणि स्वतःच्या हातानं जेवणं. यांतलं काय माणूस स्वतः करतं आणि कशाला दुसरा हात लागतो, एवढंच पाहायचं. सहसा अंघोळीला मदत सगळ्यांत आधी लागते, आणि हातानं घास घेणं सगळ्यांत शेवटी सुटतं.

ज्याला फक्त अंघोळीला हात लागतो, त्याला सकाळी दोन तास येणारी बाई पुरते. ज्याला धरून उठवावं लागतं, त्याला दिवसभर कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. ज्याचा ताबा गेला आहे आणि ज्याला कूसही बदलता येत नाही, त्याला दर दोन तासांनी वळवावं लागतं. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. रात्रीसुद्धा हे चुकत नाही, म्हणजे हे एका माणसाचं काम राहत नाही.

या यादीत न मावणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विस्मरणाचा आजार. हातपाय धड असतात, पण गॅस सुरू ठेवून माणूस अंगणात जाऊन बसतं. रात्री कडी काढून "माझ्या घरी जाते" म्हणत रस्त्याला लागतं. अशा माणसाला उचलावं लागत नाही, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. उचलण्याचं काम पंधरा मिनिटांत संपतं. नजर ठेवण्याचं काम दिवसभर संपत नाही.

कागदावर शेवटी दोन ओळी लिहाव्यात. रात्री दोन वाजता कोण उठणार? आणि ते माणूस आजारी पडलं तर त्याच्या जागी कोण? या दोन ओळींपुढे नाव लिहिता आलं नाही, तर व्यवस्था अजून झालेली नाही असं समजावं, मग आई घरात असो की आश्रमात.

एकाच घरी

पहिली वाट सगळ्यांच्या परिचयाची आहे: एका मुलाच्या किंवा मुलीच्या घरी राहणं. हिचं बळ मोठं आहे. ओळखीच्या भिंती, ओळखीचे आवाज, नातवंडांची ये-जा. ज्याची स्मृती जात चालली आहे, त्याला ओळखीची जागा औषधासारखी असते. अम्मा माझं नाव विसरली, तेव्हाही अंधारात स्वयंपाकघरातला माठ तिला बरोबर सापडायचा. या व्यवस्थेत खर्चही सगळ्यांत कमी दिसतो.

न दिसणारा खर्च एकाच माणसाच्या अंगावर पडतो, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाई असते. शस्त्रक्रियेनंतर अम्मा दीड वर्ष गावच्या घरी थोरल्या भावाकडे होती. भाऊ शेतात, मुलं शाळा-कॉलेजात. सगळं भाभीनं केलं. गावात कौतुक भावाचं झालं, "आईला सांभाळतोय हो." त्या दीड वर्षात भाभी माहेरच्या एकाही लग्नाला रात्रभर राहिली नाही. तिची कंबर गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. अम्माला कुणी उचलायचं, हे काही त्यांच्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

आम्हा मुसलमानांत लहानपणापासून शिकवतात, की म्हाताऱ्या आईबापांसमोर 'उफ्'सुद्धा काढायचं नाही. 'खिदमत' या शब्दाला आमच्याकडे फार मान आहे, जसा मराठीत 'सेवा' या शब्दाला. दोन्ही शब्द मला प्रिय आहेत. पण चार रात्री सलग न झोपलेल्या माणसाच्या तोंडून 'उफ्' निघून जातो, मग ते माणूस कितीही श्रद्धाळू असो. म्हणून त्या शिकवणीचा मी एक व्यवहारी अर्थ घेतो. कुणावर 'उफ्' म्हणायची वेळ येऊ नये, एवढी माणसं आणि एवढी विश्रांती त्या व्यवस्थेत असली पाहिजे.

एका घरी ठेवायचं ठरलं, तर इतर भावंडांनी पैसे द्यावेतच. पण त्याहून गरजेचं म्हणजे दिवस द्यावेत. महिन्यातले चार दिवस दुसरं कुणी येऊन राहिलं, तर करणारीला माहेरी जाता येतं, स्वतःच्या डॉक्टरांकडे जाता येतं, नाहीतर नुसतं झोपता येतं. माझी बहीण, आमची आपा, मिरजेहून येऊन ते चार दिवस राहू लागली, तेव्हा भाभीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे. आपाने आणलेल्या साडीपेक्षा तिला ते चार दिवस मोलाचे वाटले.

पाळी

दुसरी वाट पाळीची. तीन-तीन महिने प्रत्येकाकडे. वाटणी समान असल्यामुळे भावंडांत कुरबुर कमी होते आणि एकावरच भार पडत नाही. हिंडतं-फिरतं, डोकं शाबूत असलेलं माणूस पाळीत रमतंसुद्धा. एका मुलाकडे गावची हवा, दुसऱ्याकडे शहरातला डॉक्टर, मुलीकडे मोकळेपणानं बोलणं. मात्र वेळापत्रक त्या माणसाला विचारून ठरवावं. दर वेळी बोचकं बांधायचं आणि सोडायचं, यात आपलं घर नेमकं कोणतं हेच म्हाताऱ्या माणसाला कळेनासं होतं.

स्मृती जाऊ लागली, की पाळी जड जाते. संडास कोणत्या बाजूला, दिव्याचं बटण कुठं, हे दर तीन महिन्यांनी नव्यानं शिकण्याची ताकद त्या मेंदूत उरलेली नसते. पिंपरीच्या चौथ्या मजल्यावर दिवेलागण झाली, की अम्मा दाराशी येऊन विचारायची, "घर कू कब जाना?" या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. परक्या जागेत ती आणखी वाढते. शिवाय प्रत्येक मुक्काम हलताना काहीतरी मागे राहतं: औषधाची चिठ्ठी, दातांची कवळी, चष्मा. डॉक्टरही बदलतो आणि आधीच्यानं काय दिलं होतं ते नव्याला सांगावं लागतं.

म्हणून पाळी लावायचीच तर ती करणाऱ्यांची लावावी. आई तिच्या घरात राहावी आणि मुलांनी पाळीपाळीनं तिच्याकडे यावं. नोकऱ्या सांभाळून हे सोपं नाही. पण एकाची रजा, दुसऱ्याचं घरून होणारं काम, निवृत्त झालेला एखादा भाऊ किंवा मेहुणा यांची बेरीज करून पाहावी. निदान रविवार तरी त्यातून निघतात.

पगारी माणूस

तिसरी वाट आता शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. घर तेच, करणारं माणूस पगारी. बाईमाणूस असेल तर तिला 'मावशी' म्हणतात, पुरुष असेल तर 'मामा' किंवा 'ब्रदर'. ही माणसं ओळखीतून मिळतात, नाहीतर ब्यूरोकडून. बारा तासांची पाळी असते किंवा चोवीस तास राहणारं माणूस असतं.

इथे काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. मावशी आणि नर्स या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. इंजेक्शन, नाकातल्या नळीनं अन्न, लघवीची नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या नर्सचं काम. पैसे वाचवण्यासाठी ते मावशीच्या गळ्यात घालू नये. दुसरं, चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी राहणारी बाई नव्हे. तिलाही झोप लागते आणि सुट्टी लागते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर दुसरं माणूस हवंच, पगारी किंवा घरचं. बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, तर खर्च एका मध्यम नोकरदाराच्या पगाराच्या घरात जातो, आणि तो किती वर्षं चालेल हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरं, पैसे कुणाच्या हातात पडतात ते विचारावं. आम्ही ज्या ब्यूरोकडे गेलो होतो, तिथून दर पंधरवड्याला नवी बाई यायची. त्यांतल्या एकीनं सांगितलं तेव्हा कळलं, की आम्ही मोजलेल्या पैशातला मोठा वाटा तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. अशा ठिकाणी कोण टिकेल? आणि स्मृती गेलेल्या माणसाला दर पंधरा दिवसांनी अंघोळ घालायला अनोळखी हात, यासारखी भीती नाही.

पुढे शेजारच्या वाडीतली एक विधवा बाई मिळाली आणि दोन वर्षं टिकली. ती माळकरी. आमच्या घरात मटण शिजलं, की ती आपली भाकरी घेऊन अंगणात बसायची. पण अम्माचा दिवस तिनं महिन्याभरात पाठ केला. पाण्यानं वजू करणं ज्याला झेपत नाही, अशा आजाऱ्याला स्वच्छ मातीवर हात टेकवून शुद्ध होण्याची सवलत आमच्या धर्मात आहे, तिला 'तयम्मुम' म्हणतात. मावशीनं शेतातली माती चाळून एका परातीत भरून ठेवली होती. अजान कानावर आली, की ती परात अम्मापुढे आणायची. अम्माला नमाजचे शब्द पुष्कळदा आठवायचे नाहीत. हात मात्र बरोबर परातीकडे जायचे, आणि मग ती शांत व्हायची. झोपेच्या गोळीनं जे होत नव्हतं, ते त्या परातीनं व्हायचं.

हे सांगतो ते अशासाठी, की माणूस निवडताना आपण फक्त तिला किती अनुभव आहे ते विचारतो. आपल्या माणसाच्या सवयी काय आहेत, तेही तिला सांगायला हवं. कुणाची एकादशी असते, कुणाचं सोवळं, कुणाचा संध्याकाळचा हरिपाठ, कुणाला दुपारी रेडिओ लागतो. शरीर स्वच्छ ठेवणं ही निम्मी शुश्रूषा. उरलेली निम्मी या सवयींत असते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

केंद्र आणि आश्रम

चौथी वाट दिवसभराच्या केंद्राची. ज्येष्ठ नागरिक संघांची विरंगुळा केंद्रं आज अनेक गावांत आहेत. चालत्या-बोलत्या माणसाचा एकटेपणा त्यांनी खूप हलका केला आहे. ज्याला मदत लागते, त्याची सोय तिथे सहसा नसते. विस्मरणाच्या रुग्णांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं काही शहरांत आहेत. केरळात १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेनं या कामाला आपल्या देशात वळण दिलं. ज्या घरातली मुलगी किंवा सून नोकरी करते, तिला सकाळी सोडून संध्याकाळी घरी आणण्याची सोय फार मोलाची असते. रात्र घरी, दिवस केंद्रात. पण प्रवास झेपला पाहिजे आणि केंद्र जवळ असलं पाहिजे. खेड्यात आज तरी ही वाट जवळजवळ नाहीच.

पाचवी वाट आश्रमाची. 'वृद्धाश्रम' या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या जागा कोंबल्या आहेत. निराधारांना आसरा देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात पुण्यात उभी राहिलेली आणि आज 'निवारा' नावानं ओळखली जाणारी संस्था त्यांतली. आपलं आपण करणाऱ्या ज्येष्ठांसाठी पैसे भरून राहायची निवासस्थानं आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नर्स असलेली शुश्रूषा केंद्रं आहेत. आणि बरं न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'शांती आवेदना'सारख्या संस्था आहेत, जिथे शेवटचे दिवस वेदनेविना जावेत यासाठी प्रयत्न करतात.

यांत गल्लत झाली, की मनस्ताप होतो. अनेक वृद्धाश्रमांचा नियमच असतो, की माणूस स्वतःचं स्वतः करणारं हवं. अंथरुणाला खिळलं तर नातेवाइकांनी घेऊन जावं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण सोय पाहतो, त्याच दिवशी ती सोय संपते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारावं: माणूस अंथरुणाला खिळल्यावर काय? रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी? डॉक्टर कधी येतो? अनामत परत मिळते का? आणि जागा पाहायला सकाळी ठरवून जाऊ नये, संध्याकाळी न सांगता जावं. आवारातल्या फुलझाडांपेक्षा खोलीतला वास आणि माणसांची नखं जास्त खरं सांगतात.

२०१८ मध्ये भाभीच्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच महिन्यात मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. तेव्हा अम्माला आम्ही तीन आठवडे एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. नात्यातल्या दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. "आईला टाकली," असा शब्द फिरला. त्या तीन आठवड्यांचा हिशेब मी जसा आहे तसा मांडतो. अम्माला एकही जखम झाली नाही, जेवण-औषध घड्याळाच्या काट्यावर मिळालं, आणि वजन थोडं वाढलं. दुसऱ्या बाजूला, तोवर तिच्या तोंडी फक्त लहानपणची दखनी उरली होती. तिथल्या मुली लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या, प्रेमळ होत्या, पण तिचं अर्धवट बोलणं त्यांना उमगायचं नाही. अम्मा गप्प झाली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मावशीला पाहून ती पुन्हा बोलू लागली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या तीन आठवड्यांमुळेच पुढचं वर्ष तिला घरी ठेवता आलं, हेही खरं आहे.

'टाकणं' आणि 'ठेवणं' या दोन क्रियापदांतला फरक जागेवरून ठरत नाही. आपा दर तिसऱ्या दिवशी डबा घेऊन तिथे जात होती. घराच्या मागच्या खोलीत ज्यांच्याकडे दिवसभर कुणी डोकावत नाही, अशीही म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मात्र गावात कुणी 'टाकलेली' म्हणत नाही.

कायदा आणि पैसा

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासाठीचा कायदा २००७ मध्ये झाला. तो सर्व धर्मांना लागू आहे. मुलांनी दुर्लक्ष केलं, तर आईवडिलांना उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो.

या कायद्यातलं कलम २३ प्रत्येक घरानं समजून घ्यावं. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एका निकालात म्हटलं, की अशी अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या प्रकरणात न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावून मालमत्ता तिला परत दिली. सामान्य माणसानं यातून एवढंच घ्यावं: बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दांत त्यात लिहून घ्यावी. आईवडिलांच्या हयातीत सातबारा बदलण्याची घाई करू नये, हे त्याहून बरं.

मदतीच्या योजनाही आहेत. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब निराधारांना मिळणारं मासिक अर्थसाह्य २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झालं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र आयुष्मानचं संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यापुरतं असतं. घरी आल्यावर रात्रीच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. आणि कायदा मुलाच्या खिशातून पैसे काढून देऊ शकतो, पण कूस बदलणारा हात त्याला मिळवून देता येत नाही.

शेजार

तो हात आणखी कुठून येऊ शकतो, हे केरळनं दाखवलं. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदना कमी करणाऱ्या उपचारांची एक संस्था सुरू झाली. पुढे तिच्या भोवती शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी असे साधे लोक थोडं शिक्षण घेतात आणि आठवड्यातले काही तास आपल्याच भागातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी देतात. नर्स घरी येते. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं यासाठी स्वतंत्र धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनाही त्यात ओढलं. यात कुणी आईला घरातून नेत नाही आणि घराला एकटंही पाडत नाही.

आपल्याकडे असं जाळं सर्वदूर नाही, पण त्याचे धागे गल्लीगल्लीत आहेत. आमच्या समोरच्या काकू दुपारी चार ते पाच अम्माजवळ बसायच्या. त्या एका तासात भाभी बाजार करून यायची. मशिदीच्या मकतबमधल्या दोन मुली जुम्म्याच्या दिवशी येऊन अम्माची वेणी घालायच्या. एवढंच. पण असे चार तास जमले, की करणाऱ्या माणसाच्या जिवाला थारा मिळतो. तेव्हा भेटायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: "आईचं कोण करतं?" हे विचारण्याऐवजी "गुरुवारी चार ते सहा मी बसते," असं म्हणून पाहा. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते उपयोगी पडतं.

शेवटी एक गोष्ट राहते. या सगळ्या वाटांची तुलना आपण मुलं करतो. जिच्यासाठी करतो, तिला विचारायचं पुष्कळदा राहून जातं, आणि मग विचारण्याची वेळ निघून जाते. अम्माचं डोकं शाबूत होतं तेव्हा एका ईदला, सगळे जमलेले असताना, तिनं आपण होऊन सांगितलं होतं, "मेरे कू नहलाने कू बेटी नहीं तो बहू. बेटे लोगां नक्को." तेवढं एक वाक्य आम्हाला पाच वर्षं पुरलं. किती प्रश्न त्यानं आपोआप सुटले! असं बोलणं आजारपणात सुचत नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यात तर नाहीच. ते दिवाळीला, ईदला, घर भरलेलं असताना काढावं. कुठं राहायला आवडेल, कुणाच्या हातची अंघोळ चालेल, कुणाची नाही, पैसे कशातून काढायचे, शेवटच्या आजारात किती सुया टोचायच्या, हे मोकळेपणानं विचारावं आणि एका वहीत लिहून ठेवावं. वही सगळ्या भावंडांना माहीत असावी. आणि जी मंडळी अजून साठीच्या अलीकडे आहेत, त्यांनी त्या वहीत एक पान स्वतःसाठीही ठेवावं. मी ते लिहायला घेतलं आहे.